पाठीवरचे नमुने

काय काम करता, विचारलंत त्या दिवशी,
आणि मी नुसते हात पुढे केले.
तसं नको, म्हणालात, तोंडानं सांगा,
केसपेपरवर लिहायचंय.
लिहा मग: अंबादास पुकाळे, वय अठ्ठावन्न,
गंज पेठ, बोळातला शेवटचा गाळा,
रंगारी.

साड्या, ओढण्या, परकर.
लक्ष्मी रस्त्याचे दुकानदार पोराच्या हाती चिंधी धाडतात
चिमटीएवढी,
अस्सा पाहिजे, संध्याकाळी सातला.
मी ती उजेडाकडे धरतो,
पातेल्यात बोट बुडवतो,
बोटच सांगतं, अजून कणभर निळा.

आमसुली, चिंतामणी, गुलबक्षी, शेवाळी,
एकट्या जांभळ्याचीच मला नऊ नावं येतात.
तुमच्याकडे याला एकच निघालं, इसब,
आणि खाली इंग्रजीत कायसं लांबलचक.
आई नुसतं म्हणायची, पाणी लागलंय,
आणि खोबरेलात मेण वितळवायची.
तिच्या बेचक्यांतही लागलेलं होतं.

रेशनच्या मशिनवर अंगठा उमटत नाही.
पुसा, काका, पुन्हा ठेवा.
पुसतो, ठेवतो.
मशीन म्हणतं, हा तो नव्हे.
शेवटी सुलोचना अंगठा देते
आणि मी पिशवी धरतो.

हातमोजे घाला, म्हणालात.
घातले. केशरी, रबरी, कोपरापर्यंत.
पहिल्याच आठवड्यात बोट आंधळं झालं,
एका बाईंचा शालू दोन छटा पुढे गेला.
पंधराशे रुपये भरले.
वर मनगटाला पाण्याचे फोड.

मग तुम्ही पाठीवर तुकडे चिकटवलेत,
दोन रांगा, शाळेतल्या पोरांसारख्या.
पाणी नको, घाम नको, वजन नको.
मला हसूच आलं.
चाळीस वर्षं मी चिंध्यांवर नमुने काढून
दुकानदारापुढे मांडले, हा घ्या की तो घ्या;
आता कापड माझंच.

पट्ट्या काढल्यात, पेनानं आकडे टाकलेत,
शुक्रवारी परत या.
दोन रात्री सुलोचना बॅटरी घेऊन मागे बसली.
काही फुललं का गं?
थांबा हो, चढू दे.
भट्टीवरच्या पातेल्यालाही ती हेच म्हणते.

आज तुम्ही बोट ठेवलंत सहाव्यावर.
मी म्हटलं, काळा असणार, काळा पहिल्यापासून द्वाड.
तुम्ही कागद पाहिलात, परत पाहिलात.
सहावा रबराचा निघाला.
मोज्यांचा.
रंगांतला एकही फुलला नाही.

म्हणून आता सांगतो, तेव्हा लाज वाटली.
रोज रात्री मी ब्लीचिंगच्या पाण्यात हात घालतो.
राणी रंग साबणाचं ऐकत नाही.
धाकटीच्या लग्नात व्याह्यांनी हात पुढे केला
आणि त्यांची नजर आधी माझ्या नखांवर गेली.
तेव्हापासून.
आग होते.
आग झाली की वाटतं, निघाला.

तुम्ही पेन खाली ठेवलंत.
बराच वेळ उचललं नाहीत.
बाहेर कंपाउंडर पुढचा नंबर पुकारत होता,
दोनदा, तीनदा.

राग मानू नका, बाई,
तुमच्या मानेवर तांबूस पट्टा आहे,
ओढणी टेकते तिथेच.
घामानं रंग सुटतोय तिचा.
कुणीतरी घाईत काढलीय, शेवटचं धुणं चुकवलंय.
माझ्याकडची नसावी.
उजेडाकडे धरून सांगितलं असतं,
पण इथे ट्यूबलाइट, आणि ट्यूबलाइटखाली
रंग खोटं बोलतो.

द्या पाठवून. बोळाच्या तोंडाशी विचारलं की कुणीही दाखवेल.
तीन पाण्यांतून काढून ठेवतो.
माझ्याकडची निघाली तर
पैसे नकोत.